ताबा, भेट आणि मधले अंतर

विभक्त पालकांच्या मुलांविषयीचे आपले कायदे वाचताना एक उणीव जाणवते. त्यांत ताबा आहे, पालकत्व आहे, हित आहे; अंतराचा विचार मात्र नाही. पालक व पाल्य अधिनियम १८९० सालचा. त्याच्या कलम ९नुसार मूल सामान्यतः जिथे राहते, तिथल्या न्यायालयात अर्ज करावा लागतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मुलाचे हित सर्वोपरी मानतो आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे देतो. पुढचे सारे आदेशाच्या शब्दांवर अवलंबून राहते.

समजा, आई मुलासह वर्ध्याला माहेरी आहे आणि वडील पुण्यात नोकरीला. 'महिन्यातले दोन शनिवार, दोन-दोन तास' हा साचा एकाच शहरातल्या पालकांसाठी ठीक. पुण्याहून येणाऱ्याला त्या दोन तासांसाठी दोन रात्री गाडीत काढाव्या लागतात. भेटी विरळ झाल्या की 'बापाला ओढच नाही' असा अर्थ निघतो. उलट मुलालाच वरचेवर पुण्याला पाठवले, तर तो शीण मुलाच्या वाट्याला येतो.

जानेवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपक गुप्ता व न्या. अनिरुद्ध बोस यांच्या खंडपीठाने या प्रश्नाला हात घातला. पालक वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील, तर भेटीच्या हक्काबरोबर संपर्काचा हक्कही महत्त्वाचा. ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता यावे, शक्यतो व्हिडिओ कॉलवर, असे न्यायालयाने म्हटले. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण अपुरेही आहे. फोन ताबा असलेल्या पालकाच्या हातात असतो, आणि शेजारी कोणी बसलेले असताना सात वर्षांचे मूल मोकळे बोलत नाही. कॉलने ओळख टिकते. सहवास घडायला मुक्कामच लागतो.

मुक्काम म्हणजे सुटी, आणि आदेश इथेच ढिले पडतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मग 'उन्हाळी सुटीचा अर्धा भाग' कुठल्या शाळेच्या सुटीचा आणि कोणत्या तारखेपासून? तिकीट कोणी काढायचे, मुलाला आणा-पोचवायला कोणी जायचे, ठरलेली भेट हुकली तर बदली दिवस कोणता? हे लिहिलेले नसले की प्रत्येक सुटीआधी नवा अर्ज, नवी तारीख.

सगळीकडे अंतर मिटवणे हेच उत्तर, असेही नाही. जिथे मारहाण झाली आहे तिथे अंतर हेच संरक्षण असू शकते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५च्या कायद्याचे कलम २१ मुलाला अपाय होईल अशी भेट नाकारण्याचा अधिकार देते. म्हणून सरसकट साचा कुठल्याच बाजूने न्याय्य नाही.

विधी आयोगाने मे २०१५च्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली. तसा कायदा अजून झालेला नाही. पण तारखा, तिकीट आणि आणण्या-पोचवण्याची जबाबदारी आदेशात लिहायला नव्या कायद्याची गरज नाही. १८९०च्या कायद्याचे कलम १७ समजत्या मुलाची पसंती विचारात घेण्याची मुभा देतेच. 'कोणाकडे राहायचे' याबरोबर 'हा प्रवास तुला झेपतो का' हेही त्याला विचारायला हवे.