'स्वतः' आणि सरकारी दप्तर

बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयाच्या ओसरीत गेल्या वर्षी मला तीनदा बसावे लागले. आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी कुटुंबाचा बांधाचा दावा होता. मी साक्षीदार नव्हतो, वकील तर नव्हतोच. केवळ सोबत म्हणून गेलो होतो. तिन्ही वेळा तारीखच पडली. वाट पाहणाऱ्याला वाचायला पुष्कळ वेळ मिळतो. माझ्या पिशवीत रमाबाई रानडे ह्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक होते. सेमिनरीत शिकत असताना ते मी एकदा वाचले होते व आदर्श पतिपत्नींचे चरित्र म्हणून बाजूला ठेवले होते. ओसरीत बसून वाचताना ते निराळेच वाटू लागले. दारातून आत पाहिले की कागदांच्या चळतीआड बसलेले न्यायाधीश दिसत, आणि हातातल्या पुस्तकातही एक न्यायाधीशच चळतीआड बसलेले होते.

१९१० साली प्रसिद्ध झालेल्या ह्या पुस्तकाकडे आपल्या समीक्षकांनी बहुधा दोन नजरांनी पाहिले आहे. कोणी त्यात समाजसुधारणेचा इतिहास शोधला, कोणी पतिभक्तीचा आदर्श. दोन्ही गोष्टी त्यात आहेतच. पण प्रस्तुत लेखकाला असे म्हणावेसे वाटते की परकीय सरकारच्या न्यायखात्यात राबणाऱ्या एका एतद्देशीय अधिकाऱ्यावर कामाचा किती आणि कसला भार होता, हे इतक्या जवळून सांगणारे दुसरे मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही. सरकारी अहवाल दाव्यांची संख्या सांगतो. रमाबाई दिवा किती वेळ जळत होता ते सांगतात.

माधवराव रानडे १८७१ मध्ये पुण्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश झाले. १८७३ च्या डिसेंबरात अकरा वर्षांच्या रमाबाई त्यांच्या घरात आल्या. पुढे नाशिक, धुळे, मुंबई, पुन्हा पुणे, आणि शेवटी १८९३ मध्ये मुंबईचे उच्च न्यायालय. ह्यातील मधली वर्षे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. १८७५ साली पुणे व नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांपुरता होता. कर्जरोख्यावर अंगठा आहे एवढ्यावर हुकूमनामा देऊ नये, व्यवहार मुळापासून तपासावा, मुद्दल किती आणि व्याज किती हे न्यायाधीशाने स्वतः शोधून काढावे, असे त्या कायद्याचे म्हणणे. त्याआधी शेतकरी कचेरीत हजरच होत नसे व निकाल एकतर्फी लागत. म्हणजे पूर्वी जो दावा काही मिनिटांत उरकत असे, त्यासाठी आता जुन्या वह्या वाचणे आले. शिवाय ह्या कायद्याखालील लहान दाव्यांना अपील नव्हते. त्याऐवजी एक स्पेशल जज्ज नेमून त्याने गावोगावची दुय्यम न्यायालये तपासावी, दप्तरे पाहावी आणि निकाल चुकला असेल तर तो फिरवावा, अशी व्यवस्था होती. १८८१ पासून रानडे ह्या कामावर डॉक्टर पोलन ह्यांचे साहाय्यक होते व १८८७ पासून स्वतः स्पेशल जज्ज झाले. एका गरीब कुळाचा न्याय ह्या एका माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून होता, आणि ते डोळे अधू होते!

रमाबाईंच्या लेखणीची खरी ताकद येथे दिसते. फिरतीतले मुक्काम, सामानाची बांधाबांध, घरी आल्यावरही न संपणारे वाचन, डोळ्यांना त्रास म्हणून दुसऱ्याने वाचून दाखवायचे आणि ह्यांनी ऐकायचे, हे सारे त्या तक्रारीचा सूर न लावता नोंदवतात. १८८६ मध्ये सरकारच्या फायनान्स कमिटीवर नेमणूक झाल्याने रानडे सिमला व कलकत्ता येथे गेले. तेथेही रिकामा वेळ त्यांना मानवला नाही. कलकत्त्यात बंगाली शिकण्याचे मनात आले, तर हजामत चालू असताना न्हाव्यालाच अक्षरांचे उच्चार विचारू लागले. हा प्रसंग वाचून आपण हसतो. रमाबाईही हसल्या. पण आज वाचताना मला त्यात थोडी भीतीही दिसते: ज्या माणसाला न्हाव्याच्या वस्तऱ्याखालचा वेळही फुकट घालवणे जमत नाही, तो विसावा कधी घेणार?

ह्यात फाइलींचा बोजा अर्धाच. बाकी अर्धा कोणी नेमून दिलेला नव्हता. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक १८७८ पासून निघू लागले, त्यातील मोठा भाग रानडे लिहीत. मुलींची शाळा, सामाजिक परिषद, औद्योगिक परिषद, प्रार्थना समाजातील व्याख्याने, मराठ्यांचा इतिहास, हे सर्व कचेरीच्या आधी आणि नंतर. दिवसा ज्या सरकारचे हुकूम पाळायचे, त्याच सरकारचे महसुली धोरण रात्री सप्रमाण चुकीचे ठरवायचे. सरकारी चाकरीत रेसभर कसूर झाली असती तर बोट ठेवायला जागा मिळाली असती. म्हणून चाकरी दुप्पट काटेकोर करावयाची. माझ्या मते त्यांच्या श्रमाचे मूळ ह्या दुहेरी इमानात आहे.

धुळ्याचे दिवस ह्या दृष्टीने वाचावेत. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके ह्यांचे बंड गाजत असताना, पुण्यात वाडे जळाल्यानंतर, रानड्यांची बदली नाशिकहून धुळ्यास झाली. त्यांची टपाले फोडलेली येऊ लागली. बंडवाल्यांच्या नावाने बनावट पत्रेही येत, आणि ती ते निमूटपणे पोलिसांकडे पाठवून देत. धुळे हे तेव्हाच्या खानदेश जिल्ह्याचे ठाणे. त्याच जिल्ह्याची पूर्व सीमा आपल्या मलकापूर तालुक्याला लागून होती. सीमेच्या अलीकडे वऱ्हाड. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला हा मुलूख कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात धरला जात नसे, म्हणून कायदेमंडळाचा कायदा येथे आपोआप लागू होत नसे, त्यासाठी निराळा हुकूम लागे. आरंभीच्या दशकांत डेप्युटी कमिशनरच सारा गोळा करी, तोच फौजदारी पाही, तोच दिवाणी. दख्खनच्या कुळाला मिळालेला तो स्पेशल जज्ज बुलढाण्याच्या कुळाच्या वाट्याला आला नाही. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १८८४ साली एल्‌एल. बी. झाले, १८८५ ते १८९० वऱ्हाडात मुन्सफ व असिस्टंट कमिशनर होते आणि मग राजीनामा देऊन वकिलीकडे वळले. त्यांना तो मार्ग मोकळा वाटला. रानड्यांना का वाटला नाही, हा प्रश्न रमाबाईंनी कोठे उभा केलेला नाही, आणि मला ही ह्या पुस्तकातील उणीव वाटते.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे. ह्या आठवणींत कचेरी दिसते ती कचेरीतून परतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर. ज्यांच्यासाठी हे जागरण चालले ती माणसे, म्हणजे कर्जरोख्यावर अंगठा उठवणारे कुळ, साक्षीला आलेली त्याची बायको, ओसरीवर भाकरी सोडून बसलेला म्हातारा, पुस्तकात जवळजवळ येतच नाहीत. रमाबाईंचा त्यात दोष किती? त्या काळच्या घरंदाज स्त्रीला न्यायालयाचा उंबरा ओलांडता येत नव्हता. तरी ओसरीत बसून वाचणाऱ्याला ही पोकळी जाणवल्यावाचून राहत नाही.

आता भाषेविषयी. रमाबाई पतीचे नाव घेत नाहीत. त्या 'स्वतः' असा शब्द योजतात. त्या काळच्या घरातील हा रिवाज. परंतु पुस्तकभर तो शब्द वाचीत गेले की त्याचा अर्थ हळूहळू पालटतो. 'स्वतः' थकून आले, 'स्वतः' जेवले नाहीत, 'स्वतः'ना झोप नाही. थकले कोण, असा प्रश्न पडावा इतके ते शब्द लिहिणारीच्या अंगाला चिकटतात. आणि खरेच, ती केवळ पाहणारी नव्हती. ती वाचून दाखवी, फिरतीत बरोबर असे, आणि घरातील वडील स्त्रियांचे टोमणे ऐकत शिकलेली सारी विद्या ह्या दप्तराच्या कामी लावी. सरकारला एका पगारात दोन माणसे मिळाली होती. १९३८ मध्ये कॅथरीन गेट्स ह्या बाईंनी केलेल्या इंग्रजी रूपांतराचे नाव 'हिमसेल्फ' असे आहे. त्यांनी ह्या एका शब्दाचे मोल ओळखले. अमरावतीत जन्मलेल्या, मोठ्या अधिकाराच्या समीक्षक कुसुमावती देशपांडे ह्यांचा अनुवाद १९६३ साली आला, त्याच्या शीर्षकात मात्र रानड्यांचे नाव परत आले आहे. अनुवाद म्हणून तो मान्यवर असेल. पण शीर्षकापुरते मी गेट्सबाईंच्या बाजूचा आहे.

निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करीत बसतो आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला सरळ सांगतो की हे बरे नव्हे, तूही झिजशील आणि लोकही झिजतील. इथ्रो नुसता थांबत नाही, कामाची वाटणी कशी करावी हेही सांगतो. रानड्यांच्या घरात इथ्रोची जागा रिकामी होती. ज्या एका व्यक्तीला सारे दिसत होते, तिला तसे बोलण्याचा अधिकार नव्हता. तिने ते लिहून ठेवले, तेही ते गेल्यानंतर नऊ वर्षांनी. काशिनाथपंत तेलंग त्रेचाळिसाव्या वर्षी वारले, आणि उच्च न्यायालयातील त्यांच्या जागेवर १८९३ मध्ये रानडे बसले. त्या खुर्चीने काही शिकवावयास हवे होते. १९०१ च्या जानेवारीत रानड्यांनी रजा घेतली, आणि १६ तारखेस, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, ते गेले.

आमच्या त्या दाव्यात अजून पुढची तारीख आहे. पुस्तक मी आता धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेवले आहे. ज्यांना सगळे वाचायला सवड नाही त्यांनी निदान धुळ्याच्या आठवणी आधी वाचाव्यात.