फड शाहिराचा, शिट्टी नाच्याला

पूर्व विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्याच्या फडाला नाव शाहिराचं असतं. पत्रिकेवर तेच छापतात, सुपारीही त्याच्याशीच ठरते. पण दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया आणि नागपूर जिल्ह्यांतल्या गावांत मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, तेव्हा गर्दीच्या माना उंचावतात त्या नाच्या पुढे आल्यावर. डफावर थाप पडते, तुणतुणं लागतं, गण होतो, गौळण होते. मग लुगडं नेसलेला, पायांत चाळ बांधलेला पुरुष समोरच्या एखाद्या पाटलावर असा डोळा टाकतो, की गाव पुढचे कितीतरी दिवस पाटलाला चिडवत राहतं.

नखरेल, झगमगता, मर्दानगीची थट्टा करत गर्दी मुठीत ठेवणारा कलावंत पॉप संगीताबरोबर पश्चिमेत जन्मला, असं आपण धरून चालतो. विदर्भात तो केव्हाचाच मैदानात उभा होता. त्याचं चरित्र मात्र कुणी लिहिलं नाही.

गंमत अशी, की पश्चिमेतला त्या जातकुळीचा सर्वांत मोठा तारा महाराष्ट्रातच शिकला. १९४६ साली झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारोख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता. तिथेच त्यानं मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला, ‘क्वीन’चा आवाज झाला. १९८५च्या ‘लाइव्ह एड’मध्ये त्यानं वेम्बली स्टेडियम डोलवलं. रंगमंचावर इतका बेधडक असलेला हा माणूस खासगी आयुष्याबद्दल मात्र हातचं राखूनच बोलायचा. एड्स झाल्याचं त्यानं जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबर १९९१ला, तो गेला. तरी त्याच्या मैफली जपल्या गेल्या, चरित्रं निघाली, २०१८मध्ये चित्रपटही आला.

आपल्याकडे काय जपलं? बालगंधर्वांची स्त्रीभूमिका आपण डोक्यावर घेतली. ती खानदानी होती, शालूपैठणीतली होती. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला हसू आलं. गणपत पाटील यांनी मराठी चित्रपटांत नाच्या इतका अस्सल उभा केला, की प्रेक्षकांनी तोच त्यांना आयुष्यभर चिकटवला. संसारी, मुलाबाळांच्या या नटाकडे लोक पडद्याबाहेरही त्याच नजरेनं पाहत राहिले.

‘नटरंग’ने (२०१०) या जखमेवर बोट ठेवलं, असं आपण म्हणतो. अतुल कुलकर्णींचं काम थोरच आहे. पण चित्रपट पुन्हा पाहा. नाच्या होणारा त्याचा नायक गुणा पिळदार अंगाचा आहे, बायकोपोरांचा आहे. त्याची शोकांतिका अशी, की ‘खऱ्या’ मर्दाला लोक चुकीचं ओळखतात. म्हणजे सहानुभूती मिळवायची तर आधी मर्दपणाचा दाखला आणायचा! ज्याच्याबाबत लोकांचा अंदाज बरोबर असेल, त्या नाच्यासाठी मराठी पडद्यानं अश्रू राखून ठेवलेले नाहीत.

इथे घाई करून प्रत्येक नाच्याला समलिंगी ठरवू नये. कितीतरी जण शेतकरी, मजूर, संसारी होते, आहेत. पण बायकी म्हणून गावभर चिडवल्या जाणाऱ्या पोराला आपली चाल बदलावी न लागणारी जागा फडानं दिली. तिथे त्याच लचकण्याला बक्षिसी मिळत होती. त्या जागेची किंमत समीक्षेनं केली नाही. खडी गंमतीवर जे लिहिलं गेलं, ते बहुधा शाहिरी, कलगी-तुरा आणि बोलीच्या अंगानं. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी पूर्व विदर्भातली झाडीबोली आणि तिथली लोकरंगभूमी यांची मोलाची नोंद केली. पण नाच्याची अदा, तो ती कुणाकडून शिकला, वय झाल्यावर त्याचं काय झालं, याचं टिपण सापडणं मुश्कील.

आजची स्थिती? वडसा हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीवर बाईची भूमिका आता बाईच करते, आणि ते योग्यच झालं. रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत लावणीही तिचीच. खडी गंमत अजून मंडईत उभी राहते, पण डीजेशी तिची स्पर्धा आहे. सरकारी योजनांचा प्रचार करणारं कलापथक झालं, की गौळण आखडते आणि नाच्या स्वच्छतेचा संदेश देऊन बाजूला होतो. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी त्याला नवा प्रेक्षक दिला आहे खरा, पण त्यात शिट्ट्यांइतक्या शिव्याही आहेत.

मुंबईत वारं वेगळं वाहतं. ‘बिन बायकांचा तमाशा’मध्ये पुरुषांनी ताठ मानेनं लावणी केली. २०१४मध्ये ‘मिस्टर गे इंडिया’ ठरलेले सुशांत दिवगीकर २०१८च्या ‘सा रे ग म प’मध्ये राणी कोहिनूर या रूपात स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही आवाजांत गायले. टीव्हीवर ते नवलाचं ठरलं. दोन आवाजांची ती कसरत मंडईतल्या म्हाताऱ्याला मात्र फारशी नवी वाटली नसती.

नागपुरात २०१६पासून प्राइड मार्च निघतो. दोन वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ला, सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची धार बोथट केली. मार्चमधल्या शहरी पोरांना नाचायला हिंदी गाणी लागतात, फार तर ‘नटरंग’ची लावणी. तक्रार नाही, कानावर पडलं तेच पायात उतरणार. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालय याच शहरात आहे. जुन्या नाच्यांना दोन-चार दिवस इथे बोलवावं, त्यांच्या नावानिशी मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि गौळणीतली नजर कशी टाकायची हे या पोरांना त्यांच्याकडूनच शिकू द्यावं. भंडारा इथून साठेक किलोमीटर. जाण्यायेण्याचं भाडं आणि मानधन, एवढाच खर्च.