शिवराईची वेलांटी

शिवराईच्या याद्यांत ‘छत्रपति’ची वेलांटी ऱ्हस्व, दीर्घ की मुळीच नाही, यावरून प्रकार पाडतात आणि त्यावरून टांकसाळही सुचवतात. ही रीत मला पटत नाही.

इंग्लंडच्या १८६०च्या ब्राँझ पेनीवर कडेला मणी आहेत की दाते, हे पाहून ठसा ओळखता येतो. यंत्रावर पाडलेल्या त्या नाण्यावर ठसा अख्खा उमटतो. शिवराई हातोड्याने पाडलेली, आणि तांब्याचा तुकडा बहुधा ठशाहून लहान. मजकुराची कड हमखास बाहेर राहते.

पेठच्या बाजारात मोडीच्या ढिगातून घेतलेल्या दोन शिवराया माझ्यापुढे आहेत. एकीवर ‘पती’ स्वच्छ, दुसरीवर नुसते ‘पत’. यादीप्रमाणे हे दोन प्रकार. पण भिंग लावले तर दोन्हींवर ‘छ’च्या पोटातून तीच बारीक, उंचावलेली रेघ तिरपी जाते. ठशाला तडा गेला की नाण्यावर अशी रेघ उठते. अक्षरांमधली अंतरेही तंतोतंत जुळतात. म्हणजे ठसा एकच. दुसरीवर ‘ती’ची काठी तांब्याबाहेर पडली, इतकेच. (कारागिरावर अशुद्धलेखनाचा आळ मात्र फुकट!)

वेलांटी जिथे असायला हवी ती जागा नाण्यावर शिल्लक आहे का, याची नोंद मी पाहिलेल्या एकाही यादीत नाही.