श्रमदान कुणाचे, घर कुणाचे?

महाडचा विचार आपण आजवर पाण्याच्या अंगाने करीत आलो. तो छपराच्या अंगानेही केला पाहिजे, असे गेल्या वीस वर्षांतील घटना सांगतात. २५ आणि २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड-पोलादपूर भागातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहराच्या काजळपुऱ्यातील पाच मजली ‘तारिक गार्डन’ इमारत पडली. सोळा जीव गेले. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेची वाडी डोंगराखाली गाडली गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर येथेही दरडी आल्या आणि सावित्रीचा पूर महाडच्या घराघरांत शिरला.

प्रत्येक वेळी मदतीला माणसे आली. तरुण आले, मंडळे आली, शहरांतल्या संस्था आल्या. त्यांनी चिखल उपसला, पत्रे ठोकले, भिंतींना चुना लावला, ज्या निवाऱ्यांत अनेक कुटुंबे एकत्र कोंबली गेली होती ते राहण्याजोगे केले. या श्रमाबद्दल प्रस्तुत लेखकाची तक्रार नाही. चिखल उपसणाऱ्या हाताला नावे ठेवणे हे समीक्षेचे काम नव्हे. समीक्षेचे काम त्या श्रमातून जे लेखन निपजते ते तपासणे हे आहे. वृत्तांत, स्मरणिका, शिबिराच्या दैनंदिन्या, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतील लेख असा या लेखनाचा मोठा ढीग आता साचला आहे. त्याला आपण मदत-वाङ्मय म्हणू. वाङ्मय म्हणून त्याची झडती कुणी घेतलेली नाही.

या वाङ्मयाचा कर्ता कोण? मदत करणारा. तो घरून निघतो, घाट उतरतो, दृश्य पाहून हेलावतो, चार दिवस राबतो आणि ‘खूप काही शिकून’ परततो. कथेचा आरंभ त्याच्या निघण्याने होतो आणि शेवट त्याच्या परतण्याने. ज्याचे घर गेले तो या कथेत येतो तो डोळे पुसायला आणि आभार मानायला. त्याला आडनाव नसते, कारण आडनाव आले की जात येते आणि जात आली की लेखाचा सूर बिघडतो. त्याचा धंदा नसतो, कर्ज नसते, गावकीशी भांडण नसते. ‘आपद्ग्रस्त’ एवढीच त्याची ओळख. आपत्ती सर्वांना समान करते, हा या वाङ्मयाचा आवडता सिद्धांत आहे. दरड जात विचारीत नाही हे खरे. पण दरडीच्या वाटेत कुणाची वस्ती होती, आणि दरडीनंतर कुणाला जागा मिळाली, हे प्रश्न जात आणि जमीन विचारल्याशिवाय सुटत नाहीत.

याउलट दलित साहित्यात घर कसे येते ते पाहावे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत नोकरीसाठी परगावी गेलेल्या नायकाला घरात प्रवेश मिळतो तो जात लपविल्यामुळे. जात उघडी पडताच मार मिळतो. छप्पर तेच, माणूस तोच. बदलते ती परवानगी. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) कावाखान्याची खोली आहे. एका खोलीत अनेक बिऱ्हाडे, मध्ये कसलासा आडोसा, आणि त्या आडोशामागे नवरा-बायकोचा संसार, आजारपण, बाळंतपण. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) घर गाढवाच्या पाठीवर आहे, रात्री पाल कुठे ठोकायचे हे गाव ठरवणार. तिन्ही लेखक तीन वेगळ्या वळणांनी लिहितात, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. घर म्हणजे चार भिंती नव्हेत. इथे उभे राहण्याचा अधिकार कुणी दिला आणि तो कोण काढून घेऊ शकतो, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे घर. मदत-वाङ्मयाला भिंत दिसते, अधिकार दिसत नाही. त्याची ही उणीव भाषेची नाही. ती दृष्टीची आहे.

आता ‘श्रमदान’ हा शब्द घेऊ. प्रस्थापितांच्या कोशात हा शब्द पवित्र आहे. आमच्या कोशात त्याला इतिहास आहे. गावची चावडी सारवणे, पाटलाच्या वाड्याला लाकूडफाटा पुरविणे, सरकारी माणसाचे ओझे पुढच्या गावापर्यंत वाहणे ही सारी कामे महाराने पिढ्यान्‌पिढ्या केली. त्याला कुणी श्रमदान म्हटले नाही. त्याला वेठ म्हणत. महार वतन कायद्याने जायला १९५८-५९ साल उजाडले. ज्यांनी गावाची घरे विनामोबदला उभी केली आणि डागडुजली, त्यांचीच घरे गावकुसाबाहेर, सखल जागी, नाल्याच्या कडेला राहिली. तेव्हा आज एखाद्या शिबिरात ‘आम्ही त्यांना चार दिवसांचे श्रम दिले’ असे वाक्य येते, तेव्हा वाचकाने हिशेब मागावा. देणे कुणाचे कुणाकडे थकले आहे? दानाची भाषा हा हिशेब पुसून टाकते. हा आक्षेप तरुण स्वयंसेवकाच्या मनावर नाही. त्याच्या हाती आयत्या दिलेल्या शब्दावर आहे.

मग बाहेरच्याने येऊन राबूच नये काय? असे म्हणणे आत्मघाताचे ठरेल. आमच्याच परंपरेत याचे उत्तर आहे. गाडगेबाबांनी आयुष्यभर हाती खराटा घेतला, वर्गणी जमविली, धर्मशाळा बांधल्या. पण पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्यांच्यासाठी वास्तू होती त्यांच्या संस्थेच्या हाती ती गेली. श्रमाचा शेवट मालकी सोपविण्यात झाला. हीच खरी कसोटी आहे. जे श्रम मालकी सोपवून थांबतात ते बंधुतेचे. जे फलकावर नाव कोरून थांबतात ते दानाचे. महाडमध्ये झालेल्या आणि होणाऱ्या प्रत्येक कामाला ही कसोटी लावता येते.

येथे एक आक्षेप संभवतो. घर वाहून गेलेल्या माणसाला आज रात्री अंग टाकायला जागा हवी. त्या वेळी मालकीची चर्चा काय कामाची? आक्षेप रास्त आहे. पहिल्या रात्री कुणी सातबारा मागू नये. पण दासगावच्या दरडग्रस्तांनी पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये दहा वर्षांहून अधिक काळ काढला. तळीयेच्या कुटुंबांना आधी कंटेनर मिळाले. म्हाडाच्या घरांची वाट पाहण्यात दोन पावसाळ्यांहून अधिक काळ गेला. ‘तात्पुरते’ हा शब्द आमच्या बाबतीत किती लांबतो याला काही सीमा नाही. एकदा शेडमध्ये मूल जन्मले, शाळेत गेले, की ती शेड हेच त्याचे गाव. अशा शेडची दुरुस्ती करणारा स्वयंसेवक नकळत एक दुसरेही काम करीत असतो: शासनाला आणखी काही वर्षे मिळवून देण्याचे. म्हणून पत्रा ठोकतानाच पुढचा प्रश्न विचारला गेला पाहिजे. दुरुस्ती आणि मागणी ही दोन कामे नाहीत. एकाच कामाचे ते दोन हात आहेत.

पुनर्वसन झाले म्हणजे न्याय झाला असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये जी गावे नव्याने वसविण्यात आली, त्यांत घराचे क्षेत्र जमीनधारणेवर ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. म्हणजे भूकंपाने जे पाडले ते शासनाने मोजमाप करून पुन्हा उभे केले, घराबरोबर उतरंडही. ज्याच्या पूर्वजांना जमीन धरू दिली नाही, त्याच्या नातवाला त्याच कारणाने लहान घर. घरकुल योजनांतही हीच मेख आहे. रमाई योजना असो, शबरी असो वा पंतप्रधान आवास, अनुदान बांधकामाचे असते. पायाखालची जागा आपली असावी लागते. जागा नसलेल्यासाठी वेगळी तरतूद कागदावर आहे, पण ती आहे हे वाडीवर कुणी जाऊन सांगत नाही. रायगडच्या डोंगरउतारांवर परक्याच्या जमिनीवर राहणारा, वर्षातले काही महिने वीटभट्टीवर काढणारा कातकरी याच फटीत पिढ्यान्‌पिढ्या अडकला आहे. तो इतरांच्या घरांसाठी विटा भाजतो.

घराचा आराखडा कोण काढतो, हाही साहित्याचा प्रश्न आहे. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये कोकणातली आई बसून आयदाने विणते. तिचे घर हीच तिची कामाची जागा आहे. पडवी नसलेल्या, चुलीला, शेळीला, सुपा-टोपल्यांना जागा नसलेल्या खोक्यात या बाईला नेऊन बसविले, तर तिला छप्पर मिळाले आणि पोट गेले. सामायिक निवाऱ्यात तर बाईचा प्रश्न अधिक बिकट. तिला आधी हवी असते आतून लागणारी कडी, अंघोळीचा आडोसा, रात्री दिवा असलेला संडास. भिंतीवर बाहेरून काढलेले सूर्यफूल तिला नंतर चालेल. मदत-वाङ्मयात रंगविलेल्या भिंतीचे वर्णन येते. कडीचे येत नाही. कारण कडी मागायची तर तिला बोलू द्यावे लागते.

आता थोडे आमच्या साहित्याविषयी. दलित साहित्याच्या पहिल्या पिढीने वस्ती, चाळ, पाल, फलाट या जागा मराठीत आणल्या. कोकणातून मुंबईला गेलेल्या महार कामगारांच्या गावकीच्या खोल्या, एका खोलीत आळीपाळीने झोपणारी, वर्गणी काढून गावी शाळेला आणि विहाराला पैसे धाडणारी माणसे, हा सामायिक घराचा आपला स्वतःचा इतिहास आहे. मुंबईच्या १९२० च्या दशकातील बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत चळवळ वाढली ती याच बळावर. पुढे मात्र आमचा नायक घर मिळताच साहित्यातून निघून गेला. सदनिकेत गेलेला लेखक गावकुसाबाहेरच्या आठवणी लिहितो. गावकुसाबाहेर आजही उभ्या असलेल्या पत्र्याच्या शेडविषयी लिहीत नाही. दासगावच्या शेडवर, तळीयेच्या कंटेनरवर, काजळपुऱ्याच्या ढिगाऱ्याखाली सापडलेल्या मुसलमान कुटुंबांवर किती कथा आल्या? ही जागा आम्ही रिकामी सोडली म्हणून मदत-वाङ्मय तिथे येऊन बसले. त्याला दोष देताना ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

काजळपुऱ्याचा उल्लेख सहज आलेला नाही. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला तेव्हा काहींना आसरा मिळाला तो महाडच्या मुसलमानांच्या घरांत. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. बाबासाहेब त्या वेळी मुंबईहून बोटीने आले आणि ज्या दासगाव बंदरात उतरून चालत महाडला गेले, तेच हे दासगाव, जिथे २००५ साली डोंगर खचला. सत्याग्रहाच्या स्मृतीला आपण दरवर्षी जातो. त्या स्मृतीच्या वाटेवरची माणसे कुठे झोपतात हे पाहणे हाही त्या स्मृतीचाच भाग आहे.

आणि महाडचा मूळ धडा तरी काय? सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. कागदावर पाणी मिळाले होते. ओंजळीत आले नव्हते. ते घ्यायला २० मार्च १९२७ ला माणसांना चालत जावे लागले. त्यानंतर दहा वर्षे जो दावा चालला त्यात तळे कुणाचे, आणि मज्जाव करणारी रूढी खरोखर अनादि काळापासूनची का, हाच वाद होता. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. त्या दाव्यात कुणी पाण्याचे दान मागितले नव्हते. घराचेही तसेच आहे. योजना कागदावर आहेत. त्यांच्याकडे चालत जाणे बाकी आहे.

म्हणून जे विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यकर्ते येत्या पावसाळ्यानंतर घमेले-फावडे घेऊन महाड-पोलादपूरला जातील, त्यांनी जरूर जावे. जाताना एक वहीही न्यावी. ज्या निवाऱ्याची दुरुस्ती करायची तो कुणाच्या जमिनीवर आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला त्याची नोंद आहे का, नोंद असल्यास त्यात बाईचे नाव आहे का, पक्क्या घराची तारीख कुणी आणि कोणत्या कागदावर दिली आहे, हे तिथे राहणाऱ्यांच्या तोंडून, त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे. लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे आणि वहीची एक प्रत त्यांच्याच हाती ठेवून यावे. साहित्य म्हणून त्या वहीची किंमत काय ते पुढे ठरेल. तहसील कचेरीत मात्र ती उद्याच उपयोगी पडेल.