रंगांची नावे आणि एकच साक्षीदार

ब्रेंट बर्लिन व पॉल के या अमेरिकी संशोधकांचे रंगनामांवरील पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. कोणत्याही भाषेत मूळ रंगनामे फार तर ११ असतात आणि ती ठरावीक क्रमानेच येतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. कल्पना धाडसी, पद्धत मात्र लंगडी. ९८ भाषांपैकी रंगपट्ट्या दाखवून तपासल्या त्या फक्त २०. त्यांतही बहुतेक भाषांसाठी सॅन फ्रान्सिस्को परिसरात राहणारी, इंग्रजी जाणणारी एकच व्यक्ती! तिने दाखवलेल्या रंगांच्या सीमा तिच्या भाषेच्या की इंग्रजीच्या, हे कसे ठरवणार?

समजा, पनवेलच्या शाळेत आपण इंग्रजी माध्यमाच्या एकाच मुलाला विचारले. तो सगळ्यालाच 'लाल' म्हणाला, तर मराठीत 'तांबडा' नाही असे म्हणायचे का? शेजारच्या गावातील आगरी बोलणाऱ्या आजींनाही विचारायला हवे. माणसे अनेक घ्यावीत, एकेकट्याला बोलवावे, पट्ट्यांचा क्रम बदलावा, उजेड तोच ठेवावा आणि नावे आपण सुचवू नयेत.

१९७६ मध्ये सुरू झालेल्या जागतिक पाहणीत ११० भाषांच्या, दर भाषेमागे सरासरी २४ जणांना त्यांच्याच मुलखात जाऊन विचारले गेले. मूळ कल्पनेचा गाभा बराचसा टिकला, क्रमात दुरुस्त्या झाल्या. पण निष्कर्ष पुढे खरा ठरला म्हणून आधीचा पुरावा पुरेसा होता, असे होत नाही. विद्यार्थ्यांना हा फरक कळला, तर प्रयोग सार्थकी लागला.