निबंधपरीक्षा की दोषगणना?

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या निबंधाला दहापैकी साडेचार गुण देणे ही वस्तुतः एक समीक्षाच होय. ती एका आकड्यात आटोपते आणि त्या आकड्यामागील कारणे परीक्षकापाशीच राहतात, एवढाच भेद. ग्रंथपरीक्षण लिहिणाऱ्याला आपले मत सप्रमाण मांडावे लागते. निबंध तपासणाऱ्याला तसे बंधन नाही. बिदर-कलबुर्गीकडील ज्या महाविद्यालयांत मराठी हा भाषाविषय घेता येतो, तेथे ही मोकळीक विशेष महाग पडते, असे आमचे मत आहे.

परीक्षकांच्या मतांत एकवाक्यता नसते, हे नवे नाही. इंग्लंडात हार्टॉग व ऱ्होड्स यांनी 1935 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांकडे वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने पुन्हा तपासावयास दिल्या होत्या. 210 निर्णयांपैकी 92 निर्णय दुसऱ्या खेपेस बदलले. परीक्षकांचा हा मतभेद स्वतःशीच होता! आपल्याकडेही राधाकृष्णन आयोगाने (1948-49) विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची तर ती परीक्षांची सुचवू, असा अभिप्राय दिला. तथापि असल्या चंचलतेत कोणाची हानी होते तसा कोणाचा लाभही होतो. आमची तक्रार ज्या प्रवृत्तीविषयी आहे, ती मात्र सदैव एकाच बाजूस झुकते.

परीक्षक पूर्ण गुणांपासून आरंभ करतो आणि दिसेल त्या दोषाला पाव-अर्धा गुण वजा करीत जातो. ऱ्हस्वदीर्घ चटकन दिसते, अनोळखी शब्द दिसतो. विचार शोधावा लागतो, आणि गठ्ठा तर मोठा असतो. या वजाबाकीत सर्वांत सुरक्षित राहतो तो मार्गदर्शकातील निबंध पाठ करून उतरविणारा विद्यार्थी. त्याची वाक्ये निर्दोष असतात, कारण ती त्याची नसतातच.

‘आपल्या हस्तकला’ हा विषय दिला आहे असे समजू. एकजण हस्तकलेला संस्कृतीचा आरसा म्हणून मोकळा होतो. दुसरा बिदरचा आहे. बिदरीकाम त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. जस्त-तांब्याचे ओतीव भांडे, छिन्नीने कोरलेल्या रेघांत ठोकून बसविलेली चांदीची तार, जिभेवर ठेवून पारखलेली किल्ल्यातील माती, आणि ती माती व नवसागर घातलेल्या उकळत्या पाण्यात भांडे बुडविताच धातू काळाभोर होऊन चांदी तेवढी उजळ राहणे, हे सारे तो लिहितो. म्हातारा कारागीर त्याला विचारतो, ‘काय करूलालास?’ पुढे तो स्वतःच्या वाक्यातही ‘मी बघूलालो’ असे लिहून जातो. तांबडी रेघ दोहोंखाली सारखीच ओढली जाते.

येथेच वाचनाची कसोटी आहे. पहिले रूप पात्राच्या तोंडी आहे. पात्राच्या तोंडची भाषा उच्चारानुसार लिहिण्याची मुभा मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतही आहे. दुसरे रूप औपचारिक निबंधात सुधारावयास हवे, आणि ते का, हे विद्यार्थ्याला सांगावयास हवे. हा विवेक न करणाऱ्या परीक्षकाने निबंध वाचला असे कसे म्हणावे?

या भागाची मराठी म्हणजे पुण्याच्या मराठीची बिघडलेली प्रत आहे, हा समज तर सोडूनच द्यावा. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, सोमेश्वर राजाच्या 1129 मधील ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (1817-1865) मराठीत पदे रचीत, तशी कानडीतही रचीत. कानडीतून आलेल्या ‘तूप’ या शब्दाखाली आज कोणीही रेघ ओढीत नाही.

मग शुद्धलेखनाकडे डोळेझाक करावी काय? मुळीच नाही. ‘सीमाभागातील बिचारी मुले’ म्हणून दोन गुण वाढवून देणारा परीक्षक आम्हांस रेघा ओढणाऱ्याहूनही अधिक खटकतो. त्याने तर निबंध वाचण्याचे कष्टही घेतलेले नसतात.

या गुणांवर पुष्कळ काही अवलंबून असते. मराठीत गुण पडत नाहीत असे एकदा पसरले, की शेकडेवारीची चिंता असलेला विद्यार्थी दुसरा भाषाविषय घेतो. त्याला दोष देता येणार नाही. वर्ग रोडावतो, मग अध्यापकाचे पद रिक्त झाल्यावर ते भरण्याचे कारणही उरत नाही. कानडी शासनाच्या धोरणाविषयी आपण सभांतून पुष्कळ बोलतो. लाल पेन्सिल तर आपल्याच हातात असते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. आशयाचे गुण पेन्सिल उचलण्यापूर्वीच मांडावेत. लेखनदोषांच्या वजावटीला मर्यादा असावी. अंतर्गत मूल्यमापनातील निबंध तरी दोन अध्यापकांनी स्वतंत्रपणे पाहावेत. आणि गुणांखाली कारणाचे एखादे तरी वाक्य असावे. त्या बिदरीच्या निबंधाखाली मग असे काही लिहावे लागेल: माती पारखण्याचा भाग उत्तम, स्वतःच्या वाक्यातील क्रियापद प्रमाणभाषेत हवे, शेवट घाईने उरकला आहे. पाठ केलेल्या निबंधाखाली काय लिहावे, हा प्रश्न मात्र परीक्षकाला प्रथमच पडेल.