सोललेली त्वचा: आत्यंतिक भयपट आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

पडद्यावर कोण दिसते हा चित्रणाचा प्रश्न आहे. कोणाच्या वतीने कोण बोलते हा प्रतिनिधित्वाचा. आत्यंतिक भयपटाच्या विचारात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण या प्रकारात दिसणे म्हणजे बहुधा छळले जाणे असते. अल्पसंख्य पात्रांची संख्या वाढली म्हणून चित्रपट अधिक समावेशक झाला असे मानले, तर त्याचा अर्थ बळींच्या यादीत विविधता आली एवढाच होऊ शकतो.

जेम्स क्वांट यांनी २००४ मध्ये ‘आर्टफोरम’मधील लेखात फ्रेंच चित्रपटातील या प्रवृत्तीला ‘नव-फ्रेंच आत्यंतिकता’ असे नाव दिले, ते गौरवाने नव्हे. धक्का देण्याच्या हव्यासात राजकीय आशय हरवला, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००५ मध्ये, क्लिशी-सू-ब्वा या पॅरिसच्या उपनगरात पोलिसांपासून पळताना विद्युत उपकेंद्रात शिरलेली दोन मुले विजेच्या धक्क्याने मृत्युमुखी पडली आणि फ्रान्सभर दंगली उसळल्या. त्यानंतर आलेल्या भयपटांत या दंगलींचे पडसाद स्पष्टपणे ऐकू येतात.

अलेक्झांद्र ब्युस्तियो आणि ज्युलियां मोरी यांच्या ‘आ लँतेरिअर’मध्ये (२००७) दंगल घराबाहेर आहे. गर्भवती नायिका वृत्तछायाचित्रकार आहे. म्हणजे दंगल तिच्या व्यवसायाचा विषय आहे. उपनगराचा एक तरुण या घरात येतो तो पोलिसांच्या ताब्यातला कैदी म्हणून, आणि तिथेच मारला जातो. त्याच्या मृत्यूला कथेत शोक नाही. चित्रण आहे, प्रतिनिधित्व नाही. याउलट झाव्हिये जाँस यांच्या ‘फ्राँतिएर’मध्ये (२००७) उत्तर आफ्रिकी वंशाची गर्भवती यास्मिनच केंद्रस्थानी आहे. नाझी विचारांचे कुटुंब तिच्या देहाकडे आपल्या वंशवृद्धीचे साधन म्हणून पाहते. येथे रूपक उघड आहे, किंबहुना फारच उघड आहे. वर्णद्वेष सीमेवरच्या एका राक्षसी घरात कोंडला गेल्यामुळे उर्वरित समाज निर्दोष ठरण्याचा धोका निर्माण होतो. शेवटी यास्मिन पोलिसांच्या नाक्यावर शरण जाते तेव्हा मात्र हा दिलासा टिकत नाही. ज्यांच्यापासून ती पळाली होती, त्यांच्याच हाती ती पडते.

पास्काल लोजिए यांचा ‘मार्तीर’ (२००८) वंशाविषयी काहीच बोलत नाही, आणि म्हणूनच तो अधिक बोलका आहे. आनाची भूमिका कॅसाब्लांकात जन्मलेल्या मोरजाना अलाउई यांनी केली आहे. कथेत तिच्या वंशाला महत्त्व दिलेले नाही. एक सधन, वृद्धांचा गुप्त संघ मृत्यूपलीकडचे सत्य जाणण्यासाठी तरुण स्त्रियांचा पद्धतशीर छळ करतो आणि अखेरीस आनाची त्वचा सोलतो. जिच्यावरून समाज माणसाचा वंश ओळखतो ती खूणच काढून टाकल्यावर आना ‘वैश्विक’ साक्षीदार होते. जनगणनेत वंशाची नोंद न करणाऱ्या प्रजासत्ताकाची सार्वत्रिकतेची कल्पना या प्रतिमेत भीषण स्पष्टतेने उतरली आहे: नागरिक समान आहे, पण त्यासाठी त्याने आपली त्वचा सोडून द्यावी.

हा अर्थ दिग्दर्शकाला अभिप्रेत होता का, असा आक्षेप संभवतो. परंतु संहितेचा अर्थ कर्त्याच्या हेतूवर अवलंबून नसतो. अधिक गंभीर आक्षेप वेगळा आहे. आनाच्या वेदनेतून ज्ञान मिळवू पाहणारा संघ आणि तिच्याच वेदनेतून अर्थ काढणारा प्रेक्षक यांच्यात फरक कोणता? चित्रपट या प्रश्नातून सुटका देत नाही. आना जे सांगते ते एकाच वृद्धेच्या कानात कुजबुजले जाते. ते प्रेक्षकाला ऐकू येत नाही. तिचा देह सर्वांनी पाहिला, तिचे शब्द मात्र कोणाच्याही मालकीचे झाले नाहीत.

आत्यंतिक भयपटाची परीक्षा येथे करावी लागते. यातना भोगणाऱ्याला तो स्वतःचे असे काही राखू देतो की नाही, हा त्याच्या प्रतिनिधित्वाचा खरा निकष आहे. पात्रांची मोजदाद त्यानंतरची गोष्ट आहे.